अतिमानव : पडद्यावर आणि मेजाभोवती

सुशिक्षित कुटुंबांतून अलीकडे एक तक्रार वारंवार कानी येते. मुलांना सुपरहिरोंचे वेड लागले आहे, ती अभ्यासास पारखी झाली आहेत, आणि उडणारी माणसे व कोसळणारे पूल ह्यांखेरीज त्यांच्या डोक्यात काही उरलेले नाही, अशी ती तक्रार आहे. तीत तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. पण तक्रार करणाऱ्यांचे वर्तन पाहिले म्हणजे मौज वाटते. मुलगा दिवाणखान्यात लोळत एखाद्या परदेशी अतिमानवाच्या मालिकेचे सहा भाग एका बैठकीत संपवितो, तेव्हा वडील मंडळी फार तर आवाज कमी करावयास सांगतात. तोच मुलगा चार सोबती जमवून, मध्ये कागद, पेन्सिली व फासे मांडून, 'मी अमुक शक्तीचा वीर' असे म्हणत तीन तास बोलत बसला, की मात्र घरात चिंता पसरते. हे कसले खूळ? हा जुगार तर नव्हे? मुलाच्या डोक्यावर परिणाम तर व्हावयाचा नाही ना? पाहणे निरुपद्रवी आणि खेळणे घातक, असा हा न्याय आहे. आमच्या मते तो सर्वस्वी उलटा आहे. आणि तो उलटा का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांस त्याची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. इंग्रजीत त्यास रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपण त्यास भूमिकेचा खेळ म्हणू. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला, तेथून ह्या प्रकाराचा प्रसार सुरू होतो. खेळणाऱ्यांपैकी एकजण सूत्रधार होतो. तो प्रसंग उभा करतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. सूत्रधाराने वर्णन करावे, आपले पात्र काय करणार ते खेळाडूने सांगावे, आणि यश अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निकाल लावावा, एवढाच ह्याचा सांगाडा. शेवटी कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. एक गोष्ट तेवढी सर्वांनी मिळून घडविलेली असते. 1977 साली 'सुपरहिरो 2044' ह्या खेळाने हा सांगाडा अतिमानवांस लावला. पुढे 1979 मध्ये 'व्हिलन्स अँड व्हिजिलांटीज', 1981 मध्ये 'चॅम्पियन्स' आणि 1984 मध्ये 'मार्व्हल सुपर हीरोज' असे खेळ निघाले, आणि त्यांचा वंश आजतागायत वाढत आहे.

आता पडद्याकडे वळू. सुपरमॅन 1938 साली 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला आणि 1952 साली त्याची दूरचित्रवाणी-मालिका सुरू झाली. तेव्हापासून चित्रकथेतील वीर उचलावा आणि पडद्यावर आणावा, हा एक मोठा व्यापारच झाला आहे. आपल्याकडील त्याचे सर्वांस ठाऊक असलेले रूप म्हणजे 1997 ते 2005 ह्या काळात दूरदर्शनवर चाललेला 'शक्तिमान'. तो कोणा एका चित्रकथेवरून घेतलेला नव्हता. पण वृत्तपत्रात नोकरी करणारा बावळट चष्मेवाला गंगाधर हाच गुप्तपणे महाबली असावा, ही योजना सुपरमॅनच्या घराण्यातलीच होती. फरक एवढाच की, येथे बळ परग्रहावरून न येता योगसाधनेने जागृत झालेल्या चक्रांतून येत असे. ज्या नटाने त्यापूर्वी महाभारताच्या मालिकेत भीष्म उभा केला होता, त्याच मुकेश खन्नांनी ही भूमिका केली, आणि नागपूरच्या वस्त्यावस्त्यांतून मुले हात वर करून गिरक्या घेऊ लागली. आज चाळिशीकडे झुकलेली ती पिढीच आता पालकांच्या खुर्चीत बसली आहे.

'शक्तिमान' वाईट होता असे आम्हांस म्हणावयाचे नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी मुलांस चार हिताच्या गोष्टी सांगण्याची त्यात सोय होती. पण ह्या सोयीतच त्या साधनाची मर्यादा उघडी पडते. कथा जर खरोखर शिकवीत असती, तर कथा संपल्यावर उपदेश का जोडावा लागला असता? पडद्यावरचा वीर संकटात सापडतो, निर्णय घेतो, सुटतो, आणि हे सर्व प्रेक्षकाच्या संमतीवाचून घडते. प्रेक्षकास एकच प्रश्न पडतो : पुढे काय होणार? हा प्रश्न रंजनाचा आहे, आणि रंजन हे पाप नव्हे. परंतु भूमिकेच्या खेळात सूत्रधार दर घटकेस दुसराच प्रश्न विचारतो : तू काय करतोस? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वाट पाहिल्याने मिळते. दुसऱ्याचे उत्तर दिल्यावाचून गोष्ट पुढे सरकत नाही. पराक्रमाची गोडी आणि पराक्रमाची जबाबदारी ह्यांतील सारे अंतर ह्या दोन प्रश्नांत साठविलेले आहे.

येथे साहित्यशास्त्राचा आधार घेऊन कोणी आम्हांस अडवील. रसिक हा निष्क्रिय नसतो, साधारणीकरणामुळे तो रामाचा शोक राम न होताही अनुभवितो, आणि ह्या अंतरातच कलेचे कलापण आहे, असे तो म्हणेल. हे आम्हांस मान्य आहे. किंबहुना महाविद्यालयात आम्ही हेच शिकवितो. चांगल्या रूपांतराची थोरवीही आम्ही नाकारीत नाही. 2019 सालच्या 'वॉचमेन' मालिकेने टल्सा शहरातील 1921 च्या कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडाचे दर्शन असंख्य प्रेक्षकांस प्रथमच घडविले. 2022 सालच्या 'मिस मार्व्हल'ने एका अमेरिकन मुलीच्या सुपरहिरोकथेत फाळणीच्या वेळची आगगाडी आणून उभी केली. ही कामे लहान नव्हेत. पण रसास्वाद आणि निर्णयशक्ती ह्या दोन भिन्न वस्तू आहेत. एकीची तालीम दुसरीच्या उपयोगी पडेलच, असे कोणत्याही शास्त्रकाराने सांगितलेले नाही. ज्याने जन्मभर मल्लांच्या कुस्त्या पाहिल्या तो कुस्तीचा उत्तम मर्मज्ञ होईल. त्याच्या दंडाची बेटकुळी त्यामुळे फुगणार नाही.

आणि पडद्यावर येणारी सर्वच रूपांतरे 'वॉचमेन'च्या तोलाची नसतात. बहुतेकांचा सारा खर्च पोशाखावर आणि संगणकाने रचलेल्या विध्वंसावर होतो. चित्रकथेच्या दोन चौकटींमध्ये जी कोरी फट असते ती वाचकाने आपल्या कल्पनेने भरावयाची असते. पडदा ती स्वतःच भरून टाकतो. आपल्याच घरचे उदाहरण घ्यावे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेपाशी कसलीही अलौकिक शक्ती नव्हती. फुरसुंगीचा हा काटकुळा पोरगा सायकल आणि डोके ह्यांच्या बळावर चोरांस गाठी. 1987 साली दूरदर्शनवर त्याची मालिका झाली आणि 2017 साली त्याच्यावर चित्रपट निघाला. दोन्ही प्रयत्न प्रामाणिक होते. पण पुस्तकातला फेणे ज्याने त्याने आपल्या गल्लीतून धावविला होता. नागपूरच्या मुलासाठी तो महालातल्या बोळांतून जात असे. पडद्यावर येताच त्यास एक चेहरा आणि एकच शहर मिळाले. हा दोष दिग्दर्शकाचा नव्हे, साधनाचा आहे. आणि म्हणूनच त्या साधनास मुलांच्या कल्पनेचा एकमेव पालक करून ठेवणे धोक्याचे आहे.

ह्याउलट भूमिकेच्या खेळांचे नियम वाचावेत. त्यांत अतिमानवाविषयी जो विचार आहे तो पुष्कळ मालिकांत सापडत नाही. 'चॅम्पियन्स'मध्ये वीर घडविण्यासाठी ठरावीक गुणसंख्या मिळते आणि प्रत्येक शक्तीची किंमत त्या गुणांतून मोजावी लागते. अधिक बळ हवे असेल तर उणिवा पत्कराव्या लागतात : जपावयाचे एखादे गुपित, पाठीस लागलेला वैरी, अथवा आपल्यावर अवलंबून असलेले एखादे दुबळे माणूस. बळ फुकट मिळत नाही आणि बळवंतास माणसांचे पाश तोडता येत नाहीत, हे येथे उपदेशाने नव्हे तर बेरीज-वजाबाकीने मुलाच्या हाती पडते. 'मार्व्हल सुपर हीरोज'मध्ये तर चक्क कर्म ह्याच नावाची शिदोरी आहे. लोकांस वाचविल्याने ती वाढते, आणि अडचणीच्या क्षणी फाशांचे दान सुधारण्यासाठी ती खर्ची घालता येते. पण वीराने कोणाचा जीव घेतला की साठविलेले सारे कर्म एका क्षणात शून्यावर येते. आमचा शब्द सातासमुद्रांपलीकडच्या खेळाने उचलला आणि तो बऱ्यापैकी समजूनही घेतला; आम्ही मात्र त्या खेळास परके खूळ म्हणून हिणवितो!

परकेपणाच्या ह्या आक्षेपाचा येथेच समाचार घेऊ. खेळाचे नियम अमेरिकेत छापले गेले हे खरे. पण सूत्रधाराने प्रसंग मांडावा आणि पात्रांनी आपापली भाषणे जागच्या जागी रचावी, ही पद्धत मराठी माणसास शिकविण्याची गरज होती काय? 1843 साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले. त्यात पद्ये सूत्रधार म्हणे, कथासूत्र त्याच्या हाती असे, आणि पात्रे आपली गद्य भाषणे उत्स्फूर्तपणे करीत. पाठ करून म्हणावयाची छापील भाषणे पुढे आली; कीर्तन्यांच्या 1861 सालच्या 'थोरले माधवराव पेशवे' ह्या नाटकापासून आपण बुकिश नाटकांचा काळ मोजतो. कोकणातील दशावतारात तर आजही संहितेवाचून रात्र रात्र संवाद रंगतात. म्हणजे आमच्या रंगभूमीचा जन्मच मुळी आजच्या मेजाभोवतीच्या खेळाशी नाते सांगणारा आहे. सूत्रधार तोच, उत्स्फूर्त भाषण तेच, देव आणि राक्षस तेच. फक्त प्रेक्षक नाहीसा झाला आणि फासे आले. खुद्द नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, तेव्हा मोहल्ल्यामोहल्ल्यांतले लोक त्या वर्षीच्या अनिष्टांचे बडगे स्वतः बनवितात, मिरवितात आणि जाळतात. दुष्टाचे निर्दालन कोणी दुसऱ्याने करावे आणि आपण सोफ्यावर बसून ते पाहावे, ही रीत आमची नव्हे. परकी असेल तर ती परकी आहे.

फाशांविषयीचा आक्षेप अधिक भाबडा आहे. फासे म्हटले की आम्हांस द्यूतपर्व आठवते, आणि ते आठवणे स्वाभाविकच आहे. पण धर्मराजाचा अपराध फासे टाकण्यात होता की पणास लावू नये ते पणास लावण्यात? ह्या खेळात पैशाचा पण नाही. फासे काय करावे ते सांगत नाहीत; करावयाचे ते ठरल्यानंतर ते साधले की नाही, एवढेच सांगतात. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, हे तत्त्व घरोघर पाठ असते. परंतु दहा वर्षांच्या मुलास त्याचा प्रत्यय कोठे यावा? योग्य ते ठरविले, नेटाने केले, आणि तरीही दान उलटे पडले, म्हणून रडत न बसता पुढचा मार्ग शोधावा, हा धडा त्यास येथे एका संध्याकाळी चारदा मिळतो. पडद्यावरचा वीर बहुधा जिंकावयाचाच असतो. त्यामुळे तेथे हा धडा मिळण्याची सोय नाही.

राहिला डोक्यावर परिणाम होण्याचा प्रश्न. ही भीती नवी नाही. 1954 साली अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसवैद्याने चित्रकथांमुळे मुले बिघडतात असा मोठा गहजब केला, आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर नियंत्रणाची संहिता लादून घेतली. भूमिकेच्या खेळांवरही 1980 च्या दशकात तेथे असेच वादळ उठले होते. आपल्याकडे 'शक्तिमान' चालू असता मुलांनी त्याचे अनुकरण करून स्वतःस इजा करून घेतल्याच्या बातम्या आल्या. त्यांच्या खरेपणाविषयी वाद झाला. पण असे करू नका म्हणून मुलांस बजावणे निर्मात्यांस भाग पडले. आता विचार करावा की, अनुकरणाचा धोका कोठे अधिक आहे? जेथे मूल एकटे बसून वीरास उडताना पाहते आणि त्याच्याशी बोलावयास कोणी नसते तेथे, की जेथे 'मी गच्चीवरून उडी घेतो' असे म्हणताच समोरचा सूत्रधार 'किती मजले? टाक फासे, आणि दान चुकले तर पाय मोडेल' असे उत्तर देतो तेथे? मेजाभोवती कल्पनेस सोबत असते. आणि सोबतीतली कल्पना सहसा वेडाच्या वाटेस जात नाही.

हे सर्व पुस्तकी नव्हे. गेल्या उन्हाळ्यात, वैशाखातल्या नागपुरी दुपारी जेव्हा मुलांस घराबाहेर पाठविणे शक्य नसते, तेव्हा ओळखीच्या एका घरी आम्ही हा खेळ पाहिला. सूत्रधार तेरा वर्षांची मुलगी होती. तिने प्रसंग कोठला घ्यावा? न्यूयॉर्क नव्हे, तर अंबाझरी! 2023 सालच्या सप्टेंबरात एका रात्रीच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली, आणि पहाटे कित्येक घरांचे तळमजले पाण्याखाली गेले, हे त्या मुलांनी डोळ्यांनी पाहिले होते. तिने सांगितले, "पाणी वाढतंय. तू भिंतीसारखं अडवून धरू शकतोस, पण एकाच ठिकाणी. इकडे वस्ती आहे. तिकडे तळमजल्यावर तुझी आजी एकटी आहे. तू काय करतोस?" तो मुलगा गप्प झाला. आम्ही घड्याळ पाहिले नाही, पण ती शांतता लहान नव्हती. मग तो वस्तीकडे उभा राहिला आणि शेजारच्या खेळाडूस म्हणाला, "दादा, तू पळ. माझ्या आजीला तू काढ." दादाचे दान वाईट पडले, आजी वाचली, पण तिचे घर गेले. त्यावर ती मुले अर्धा तास भांडली : चूक कोणाची, आणि पाणी मुळात इतके चढलेच का? कोणत्या मालिकेच्या कोणत्या भागानंतर आपल्या घरात अशी चर्चा झाली, ते वाचकांनी आठवून पाहावे.

ह्या प्रसंगात आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. खेळ सुरू झाला तेव्हा मुले इंग्रजीत बोलत होती, कारण नियमांचे पुस्तक इंग्रजी. पण आजी बुडू लागताच सारे मेज मराठीत आले. मुलांचे मराठी गेले म्हणून आपण परिसंवाद भरवितो. त्यांस मराठीत भाषांतरित कार्यक्रम दाखवावेत अशी मागणीही करतो. ती मागणी रास्त असेल. पण कानावर पडलेली भाषा जिभेवर येतेच असे नाही. जीभ सैल होते ती बोलल्याने. मुलास आपण होऊन तीन तास बोलावयास लावील, वर्णन करावयास, विनवावयास, युक्तिवाद करावयास लावील, असा दुसरा कोणता घरगुती खेळ आज आपल्यापाशी आहे? पत्त्यांत बोलावे लागत नाही. कॅरममध्ये बोललेले खपत नाही.

मग ह्या खेळात दोष नाहीतच काय? आहेत. सूत्रधार हेकट असेल तर खेळाची हुकूमशाही होते. मारामारीपलीकडे कल्पना न जाणारी टोळकीही असतात. आणि पुस्तकांवर व रंगीबेरंगी फाशांवर पैसा उधळण्याची हौस येथेही लागू शकते. परंतु हे दोष माणसाच्या सोबतीने येणारे आहेत आणि माणसाच्या सोबतीनेच सुधारतात. येथे वडील मंडळींचे खरे काम आहे, आणि नेमके तेच टाळण्यासाठी ती खेळास नावे ठेवतात, असा आमचा स्पष्ट आरोप आहे. पडदा सोयीचा वाटतो तो निरुपद्रवी म्हणून नव्हे. तो आपल्याकडे काही मागत नाही म्हणून. मूल पाहत बसले म्हणजे आपण मोकळे. खेळणारे मूल मात्र एक दिवस येऊन म्हणते, "बाबा, आम्हांला एक माणूस कमी पडतोय."

2016 साली निघालेल्या 'मास्क्स' नावाच्या खेळात सर्व वीर किशोरवयीन असतात. त्यात एक मार्मिक नियम आहे. मोठ्या माणसांचा मुलांवर प्रभाव असतो, असे तो गृहीतच धरतो. मोठ्याने सांगितले की 'तू धोकादायक आहेस' किंवा 'तू सामान्य आहेस', की त्या मुलाची स्वतःविषयीची समजूत त्या दिशेस सरकते, आणि त्याप्रमाणे त्याचे बळ बदलते. ते बोलणे झुगारून द्यावयाचे तर फासे टाकून झुंजावे लागते. हा नियम ज्याने रचला त्याने आपल्या घरांतले संवाद ऐकले असावेत, अशी शंका आम्हांस आली. आपण सांगतो, 'हे खूळ आहे'. आणि मुलाच्या मनातला एक आकडा खाली येतो.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. मालिका बंद करा असे आम्ही म्हणत नाही. चांगली असेल ती मुलांसह पाहा. पण ती संपल्यावर दोन फासे आणि चार कोरे कागद काढा, आणि मुलांपैकी कोणास तरी सूत्रधार करा. ठिकाण सीताबर्डी घ्या, महाल घ्या, फुटाळा घ्या. बळ हवे ते मागा, पण त्याची किंमत मोजा. आणि ते पोर तुमच्याकडे वळून 'तुम्ही काय करता?' असे विचारील, तेव्हा 'पुढे सांग' म्हणून सुटका करून घेऊ नका. उत्तर द्या.